आवडत्या गाण्यानं जाग यावी म्हणून

गजराला आवडतं गाणं लावायचं ठरवलं की बहुतेक जण फोनमधल्या यादीत जातात, सगळ्यात लाडकं गाणं निवडतात, वेळ टाकतात आणि झोपतात. दोन-तीन सकाळी छान जातात. मग एक दिवस गाणं वाजून संपतं तरी जाग येत नाही. किंवा जाग येते रोज, पण महिन्याभरात त्या गाण्याची सुरुवात नुसती कानावर पडली तरी पोटात गोळा येतो.

मी या दोन्हींतून गेले आहे. कॉलेजात असताना जीव की प्राण असलेलं एक गाणं मी दीड वर्ष पहाटे साडेपाचच्या गजराला लावलं होतं. आजही बसमध्ये कुणाच्या फोनवर ते वाजलं की माझा हात काहीतरी बंद करायला आपोआप पुढे जातो. ते गाणं मला अजून परत मिळालेलं नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून ही सगळी पद्धत सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गजराला उपयोगी पडतात ते गाण्याचे पहिले वीस-तीस सेकंद. तुम्हाला आवडतो तो अंतरा, ती जागा, ती तान, सगळं तिसऱ्या मिनिटाला असेल तर ते ऐकायला तुम्ही आधी जागे झालेले असायला हवे. म्हणून गाणं निवडताना त्याची सुरुवात निवडायची.

पायरी पहिली: गाणं निवडणं

दिवसा, शांतपणे वीस मिनिटं काढा. आवडीची आठ-दहा गाणी घ्या आणि प्रत्येकाचे फक्त पहिले तीस सेकंद ऐका. हेडफोन लावू नका. ज्या फोनवर गजर होणार आहे त्याच्याच स्पीकरवर ऐका, आणि फोन हातभर लांब ठेवून ऐका. एवढ्यानंच निम्मी गाणी गळतील.

काही गाणी ढोल-ताशासारखी एकदम अंगावर येतात. त्यांनी जाग नक्की येते, पण दचकून. छातीत धडधड होते आणि उठल्यावर पाच मिनिटं नुसतं बसून राहावं लागतं. काही गाण्यांची सुरुवात इतकी हळुवार असते की झोपेत ती कानाला लागतच नाही. आणि काहींची सुरुवात असते नुसत्या खर्जातल्या ठोक्यांनी. मोठ्या स्पीकरवर ती भारदस्त वाटते, पण फोनच्या इवल्याशा स्पीकरला खालचे सूर काढताच येत नाहीत. हेडफोनवर घुमणारी सुरुवात फोनवर ऐकलीत तर बारीकशी टकटक तेवढी ऐकू येईल. या फसगतीमुळे कित्येकांचा पहिला प्रयोग बिघडतो.

मग चांगली सुरुवात कोणती? एखादं वाद्य किंवा एकटा गाता आवाज, मधल्या पट्टीत, स्पष्ट सुरावट, आणि दहा-पंधरा सेकंदांत मागून येणारा ठेका. गिटार, पियानो, बासरी, सतार, यांतलं काहीही चालतं. चाल गुणगुणता येण्यासारखी हवी.

मधली पट्टी म्हणण्यामागं कारण आहे. जागं करणारा आवाज किंचाळणारा, तीक्ष्णच हवा असा आपला समज असतो. आगीची सूचना देणाऱ्या यंत्रांवर झालेल्या संशोधनात उलटंच दिसलं. जुन्या यंत्रांचा सुमारे ३१०० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं असलेला) चिरका आवाज लहान मुलांना, वयस्कर माणसांना आणि कमी ऐकू येणाऱ्यांना उठवायला कमी पडत होता, आणि ५२० हर्ट्झच्या आसपासचा, अनेक उपस्वरांनी (मूळ सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या सुरांनी) भरलेला, त्याहून खालचा आवाज जास्त परिणामकारक ठरला. ५२० हर्ट्झ म्हणजे माणसाच्या गळ्यातून सहज निघणारी पट्टी. गाता आवाज गजराला चांगला लागू पडतो याचं मला तरी नवल वाटत नाही.

सुरावटीबद्दलही थोडी माहिती हाताशी आहे. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली प्लॉस वन या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ५० जणांना विचारलं होतं की तुम्ही कोणत्या आवाजानं उठता आणि उठल्यावर कसं वाटतं. ज्यांना आपला गजर सुरेल वाटत होता त्यांनी उठल्यानंतरचं जडत्व कमी असल्याचं सांगितलं. माणसं थोडी आणि उत्तरं स्वतःच दिलेली, त्यामुळे याला शेवटचा शब्द मानू नका. पण उठल्यावर अर्धा-पाऊण तास डोकं जड राहतं, काही सुचत नाही, हा अनुभव असलेल्यांनी सुरेल गजर करून बघावा, असं मी नक्की म्हणेन.

संथ गाण्यांपासून मात्र जपा. एकदा मी आलापासारखी सुरुवात असलेलं गाणं लावलं होतं. मला स्वप्न पडलं की मी एका सभागृहात मागच्या रांगेत बसले आहे, पुढे कुणीतरी गातंय, आणि मी शेजारच्या बाईंना सांगते आहे, ‘हे माझं फार आवडतं आहे, संपेपर्यंत थांबूया.’ मी थांबले. डोळे उघडले तेव्हा सात वाजून पन्नास मिनिटं झाली होती. बाहेरचा आवाज झोपेत स्वप्नात मिसळून जातो, हे पुष्कळांनी अनुभवलेलं असतं. ठेका ठाम असला आणि चाल पुढे सरकत राहिली तर असं होण्याची शक्यता कमी.

शब्दांकडेही लक्ष द्या. विरहाचं गाणं रात्री ऐकायला कितीही गोड असलं तरी रोजच्या दिवसाची सुरुवात त्यानं कशाला करायची? एखाद्या माणसाची, एखाद्या कठीण काळाची आठवण जोडलेलं गाणंही बाजूला ठेवा. अर्धवट झोपेत मन उघडं असतं, त्या वेळी आठवण जरा जास्तच बोचते. शब्द नसलेली वाद्यसंगीताची रचना मिळाली तर उत्तमच.

आणि आता माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं. तुमचं पहिल्या क्रमांकाचं, काळजाजवळचं गाणं गजराला लावू नका. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतलं घ्या. आवडतं तर आहे, पण उद्या त्याचा थोडा कंटाळा आला तरी हळहळ वाटणार नाही, असं. रोज साखरझोपेतून ओढून काढणाऱ्या आवाजाशी मन हळूहळू तीच भावना जोडतं, आणि ती जोडणी तोडणं फार अवघड असतं.

पायरी दुसरी: गाण्याची फाइल मिळवणं

नवे लोक इथे हमखास अडकतात. गाण्याच्या ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं म्हणजे फोनमध्ये आलेली फाइल नव्हे. ते त्या ॲपच्या कुलुपात असतं, फक्त त्या ॲपलाच वाजवता येतं. घड्याळाच्या ॲपला ते दिसत नाही. म्हणून यादीत गाणं शोधत बसलात आणि सापडलं नाही तर फोन बिघडलाय असं समजू नका.

गजरासाठी एमपी३ किंवा एम४ए अशी साधी फाइल लागते. ती विकत घेतलेल्या गाण्याची असू शकते, तुमच्याकडच्या सीडीवरून संगणकात उतरवलेली असू शकते, किंवा कलाकारानं स्वतः मोफत दिलेली असू शकते. घरातल्या कुणाचं गाणं फोनच्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केलेलं असेल तर तेही चालतं. माझ्या एका मैत्रिणीनं तिच्या आजीच्या आवाजातलं गाणं लावलं आहे. तिला ‘गाणं बदल’ असं सांगायला मी गेले नाही.

गाण्याचं ॲप थेट गजराला जोडायची सोयही काही फोनांवर आहे, ती पुढे सांगते. पण पहिला प्रयोग फाइलवरच करा. फाइलला इंटरनेट लागत नाही, वर्गणी लागत नाही. मी एकदा असंच थेट जोडलेलं गाणं लावलं होतं, आणि हक्क संपले म्हणून ते त्या सेवेतून एका रात्रीत निघून गेलं. त्या दिवशी मला जाग आली ती शेजारच्या दाराच्या बेलनं.

पायरी तिसरी: गाणं कापणं

ही पायरी सगळे गाळतात, आणि खरा फरक इथेच पडतो. कापणं म्हणजे गाण्याची मोडतोड करणं असं वाटून घेऊ नका. मूळ फाइल तशीच ठेवा, तिची एक प्रत करा आणि प्रतीवर काम करा.

संगणक असेल तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. फोनवरच करायचं असेल तर गाणी कापायची बरीच साधी ॲप्स मिळतात, त्यांत दोन टोकं सरकवून हवा तेवढा भाग निवडता येतो.

माझ्या सध्याच्या गाण्याचं उदाहरण देते. मूळ गाणं पाच मिनिटं दहा सेकंदांचं. पहिले अठरा सेकंद नुसता वाऱ्यासारखा सूं सूं आवाज. अठराव्या सेकंदाला बासरी सुरू होते. एकेचाळिसाव्या सेकंदाला ठेका येतो. एक मिनिट दोन सेकंदांवर गायिकेचा आवाज. ऑडॅसिटीत फाइल उघडली की आवाजाचा आलेख पट्टीसारखा दिसतो. वाऱ्याचा भाग म्हणजे मधल्या रेषेवर जेमतेम उठलेली धूळ, बासरी लागते तिथे ती पट्टी फुगते, आणि ठेका येतो तिथून एकेक ठोका दातेरी करवतीसारखा वेगळा दिसतो. मी सुरुवातीपासून अठराव्या सेकंदापर्यंतचा भाग माउसनं ओढून निवडला आणि डिलीट केला.

वाजवून पाहिलं तर बासरीच्या आधी ‘कट्ट’ असा बारीक आवाज. आवाजाची लाट मधेच तोडली की असं होतं. म्हणून मग नव्या सुरुवातीचे आठ सेकंद निवडले आणि इफेक्ट मेनूतला फेड इन दिला. फेड इन म्हणजे आवाज शून्यापासून हळूहळू पूर्ण होणं. ‘कट्ट’ गेलं आणि बासरी लांबून जवळ आल्यासारखी येऊ लागली. आता तेविसाव्या सेकंदाला ठेका, आणि पाऊण मिनिटाच्या आत गाणं सुरू. माझी जाग साधारण बासरी आणि ठेका यांच्या मधे कुठेतरी येते.

फेड इन किती ठेवायचा? पाच ते पंधरा सेकंद. सावध झोप असेल तर जास्त, गाढ झोपणाऱ्याला कमी. तुमच्या गाण्याची सुरुवात मुळातच हळू चढत जाणारी असेल तर अजिबात देऊ नका.

शेवटाकडेही एकदा बघा. गजर बंद केला नाही तर गाणं संपून पुन्हा पहिल्यापासून लागतं. शेवटी तीस सेकंद शांतता असेल तर तेवढ्या शांततेत डोळा लागतो. म्हणून शेपटी कापून टाका.

काम झालं की फाइल एमपी३ करून एक्स्पोर्ट करा आणि नावात ‘गजर’ हा शब्द घाला, म्हणजे पुढे शोधताना मूळ गाण्याशी गोंधळ होणार नाही.

पायरी चौथी: फोनवर लावणं

अँड्रॉइड. फोनच्या साठवणीत अलार्म्स नावाचा फोल्डर असतो, नसेल तर त्याच नावानं करा. कापलेली फाइल त्यात ठेवा. गूगलचं क्लॉक ॲप उघडा, अलार्मवर जा, अधिकचं चिन्ह दाबून वेळ टाका. त्या गजराच्या पट्टीवर घंटीचं चिन्ह आणि सध्याच्या आवाजाचं नाव दिसतं, त्यावर टिचकी मारा. यादीत फाइल आलेली असेल, नसेल तर ‘ॲड न्यू’ दाबून तिच्यापर्यंत जा. स्पॉटिफाय किंवा यूट्यूब म्युझिक फोनवर असेल तर इथेच त्यांचेही पर्याय दिसतात. इतर कंपन्यांच्या फोनवर घड्याळाचं ॲप वेगळं दिसतं, पण मार्ग तोच असतो: गजर उघडायचा, अलार्म साउंड शोधायचा, फोनमधली फाइल निवडायची.

एकदा लावल्यावर ती फाइल हलवू नका, तिचं नाव बदलू नका. घड्याळाला तिचा पत्ता माहीत असतो, तिचा प्रवास माहीत नसतो.

आयफोन. इथे गाणं फोनच्या म्युझिक ॲपमधल्या लायब्ररीत असावं लागतं. संगणकावर म्युझिक किंवा आयट्यून्समध्ये फाइल घालून फोन जोडायचा आणि सिंक करायचं. नंतर क्लॉक ॲप, अलार्म, अधिकचं चिन्ह, साउंड, आणि तिथे साँग्ज या मथळ्याखाली ‘पिक अ साँग’. ॲपल म्युझिकची वर्गणी असेल तर त्यातलं गाणंही लायब्ररीत घालून आणि डाउनलोड करून इथे निवडता येतं. वर्गणी संपली की ते जातं, एवढं ध्यानात ठेवा. स्पॉटिफायमधलं गाणं आयफोनच्या घड्याळाला लावता येत नाही.

आयफोनवर आणखी एक चकवा आहे. अलार्मच्या पानावर सगळ्यात वर झोपेच्या वेळापत्रकाचा वेक अप गजर असतो. त्याला फक्त ठरावीक सूर लावता येतात, गाणं लागत नाही. तिथे ‘पिक अ साँग’ शोधण्यात मी पहिल्या वेळी अर्धा तास घालवला. खालचा साधा गजर करा.

घरात बोलता स्पीकर असेल तर त्याला वेळ आणि गाणं तोंडी सांगूनही गजर लावता येतो. यात कापाकापीला वाव नाही, गाणं मूळ सुरुवातीपासूनच वाजतं. म्हणून पहिल्या पायरीतली तीस सेकंदांची परीक्षा इथे अधिक कडकपणे घ्या.

पायरी पाचवी: आवाज किती

फोनमध्ये गाण्यांचा आवाज आणि गजराचा आवाज ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. रात्री झोपताना गाणी ऐकायला आवाज कमी केलात म्हणून गजर कमी होईलच असं नाही, आणि गाणी मोठ्यानं वाजतात म्हणून गजर मोठा असेल असंही नाही. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये साउंडखाली अलार्मची वेगळी पट्टी असते. आयफोनवर साउंड्स अँड हॅप्टिक्समध्ये रिंगटोन आणि सूचनांची पट्टी असते, गजराचा आवाज तिच्याप्रमाणे ठरतो. तिच्याखालचं ‘चेंज विथ बटन्स’ बंद ठेवा, म्हणजे दिवसभरात बटणं दाबली गेली तरी गजराचा आवाज जागचा हलणार नाही. चेहरा ओळखणाऱ्या आयफोनवर ‘अटेन्शन अवेअर फीचर्स’ सुरू असेल तर तुम्ही फोनकडे बघताय असं वाटल्यावर तो आवाज उतरवतो. गजर अचानक दबल्यासारखा वाटत असेल तर ते बंद करून पाहा.

गूगलच्या क्लॉकमध्ये आवाज हळूहळू वाढवण्याची सोय आहे. ती छान आहे, पण तुम्ही फाइलमध्येच फेड इन दिला असेल तर दोन्ही एकदम वापरू नका. हळू सुरुवात आणि त्यावर हळू वाढ, म्हणजे पहिला अर्धा मिनिट काहीच ऐकू येत नाही.

खोलीत दुसरं कुणी झोपलेलं असेल तर त्यांना विचारून आवाज ठरवा. फोन जवळ आणि आवाज लहान हे त्यांच्या दृष्टीनं बरं. तुमच्या दृष्टीनं मात्र फोन लांब आणि आवाज मध्यम हे उत्तम, उठून चार पावलं टाकावी लागतात.

पायरी सहावी: रंगीत तालीम

रात्री अकराला पहिल्यांदा लावून सकाळच्या भरवशावर राहू नका. दिवसा तीन मिनिटांनंतरचा गजर लावा, फोन रात्री जिथे असतो तिथे ठेवा, अंथरुणावर आडवे व्हा, कूस वळा, एक कान उशीत दाबा आणि वाट पाहा. उशीत दाबलेला कान किती आवाज खातो हे तेव्हा कळतं. पंखा किंवा एसी लावून झोपत असाल तर तालमीतही तो सुरू ठेवा.

मग काही गोष्टी मुद्दाम बिघडवून बघा. डू नॉट डिस्टर्ब चालू करा आणि गजर होतो का पाहा. बहुतेक फोनांवर गजराला त्यातून सूट असते, पण अँड्रॉइडवर ती सूट काढूनही टाकता येते, आणि कधीतरी आपणच ती काढलेली असते. ब्लूटूथचा हेडफोन जोडलेला ठेवून बघा, आवाज कुठून येतो ते प्रत्येक फोनवर सारखं नसतं. इंटरनेट बंद करून बघा.

एक गोष्ट तालमीत सहसा येत नाही, म्हणून इथे सांगते. कधी कधी फोन रात्री स्वतःला अपडेट करून पुन्हा सुरू होतो. त्यानंतर तुम्ही पासवर्ड टाकून उघडेपर्यंत तुमच्या फाइल्स कुलूपबंद असतात. अशा वेळी अँड्रॉइडचं स्वतःचं घड्याळ गजर देऊ शकतं, पण तुमचं गाणं त्याच्या हाती लागत नाही, साधाच सूर वाजतो. बाहेरून घेतलेलं गजराचं ॲप असेल तर त्याचा भरवसा आणखी कमी, कारण बॅटरी वाचवण्यासाठी फोन अशी ॲप्स झोपवून ठेवतो. ते वापरायचंच असेल तर त्याला बॅटरीच्या बंधनातून मोकळं करा.

म्हणून पहिले पंधरा दिवस गाण्यानंतर दहा मिनिटांनी एक साधा, फोनबरोबर आलेला गजर राखीव ठेवा. परीक्षा, प्रवास, मुलाखत अशा दिवशी तर कायमच.

पायरी सातवी: पहिली सकाळ

गाणं लागलं, जाग आली. आता हात स्नूझकडे जाईल. तो थांबवा. उठण्याच्या शिस्तीबद्दल मी इथे बोलत नाही, मला काळजी गाण्याची आहे. स्नूझ दाबलं की गाणं ऐन रंगात येताना तोडलं जातं. नऊ-दहा मिनिटांनी पुन्हा तीच सुरुवात, पुन्हा तोडणं. एका सकाळी तीनदा स्नूझ केलंत तर गाण्याची सुरुवात चारदा ऐकलीत आणि गाणं एकदाही ऐकलं नाहीत. महिन्यात शंभरएक वेळा. नावडतं व्हायला आणखी काय हवं? माझं कॉलेजातलं गाणं असंच मेलं, दीड वर्षात ते मी गजरावर एकदाही शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

त्याऐवजी गाणं वाजू द्या. पहिल्या मिनिटात फक्त उठून बसा, पाय जमिनीला टेकवा. ठेका सुरू झाला की उभे राहा. खिडकी उघडा, पाणी प्या, अंथरूण आवरा. गाणं संपेल तेव्हा बंद करा. चार-पाच मिनिटांचं गाणं हे एक छोटं घड्याळच आहे, काही दिवसांत ‘दुसरं कडवं आलं, म्हणजे चादरीची घडी व्हायला हवी’ असं अंगवळणी पडतं. घरात इतर झोपलेले असतील तर जाग आल्यावर आवाज कमी करा, पण गाणं तोडू नका. गूगल क्लॉकच्या सेटिंग्जमध्ये आवाजाच्या बटणांना काय काम द्यायचं ते निवडता येतं, त्यांनी आवाजच कमी-जास्त व्हावा असं ठरवून ठेवा, नाहीतर बटण दाबायला जाल आणि गजर बंद व्हायचा.

स्नूझ सोडवतच नसेल तर निदान तो लांब ठेवा आणि एकदाच दाबा. अँड्रॉइडवर तो बदलता येतो. आयफोनवर तो वर्षानुवर्षं ९ मिनिटांचाच होता, २०२५ साली आलेल्या आयओएस २६ पासून १ ते १५ मिनिटांत हवा तो निवडता येतो.

आणि गाणं नीट निवडलं, नीट कापलं, तरी जाग येत नसेल तर गाण्याला दोष देण्याआधी रात्री किती वाजता झोपलात ते बघा. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते आणि पहाटेकडे झोप हलकी होत जाते, स्वप्नं वाढतात. पुरेशी झोप झालेल्या माणसाला म्हणूनच बासरीही पुरते. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी. चारच तास झोपलात तर गजर गाढ झोपेत येऊन आदळू शकतो, आणि तिथे कुठलंच गाणं गोड लागत नाही.

पायरी आठवी: गाणं बदलणं

एकच आवाज रोज ऐकला की मेंदूला त्याची सवय होते, आणि सवय झालेल्या आवाजावर आपण खुशाल झोपून राहतो. दर तीन-चार आठवड्यांनी गाणं बदला. जाग येण्याआधीच कपाळावर आठी पडते आहे असं वाटलं तर महिना व्हायची वाट बघू नका, त्याच दिवशी बदला.

अवकाशवीरांना उठवण्याची नासाची पद्धत मला यासाठी फार आवडते. १९६५ च्या डिसेंबरात जेमिनी ६ च्या मोहिमेत पृथ्वीवरून गाणं वाजवून अवकाशवीरांना उठवलं गेलं, आणि ती रीत स्पेस शटलच्या २०११ मधल्या शेवटच्या उड्डाणापर्यंत चालली. शटलच्या दिवसांत रोज गाणं वेगळं असे, पुष्कळदा एखाद्या अवकाशवीरासाठी खास निवडलेलं, कधी घरच्यांनी सुचवलेलं. उद्या कोणतं गाणं लागेल ही उत्सुकता आपल्यालाही लाभू शकते. घरातल्या कुणाला रविवारी रात्री आठवड्याचं गाणं निवडून लावायला सांगा, फक्त तीस सेकंदांची परीक्षा त्यांनाही समजावून द्या.

बदललेलं गाणं पुसून टाकू नका, त्याला विश्रांती द्या. निदान दोन-तीन महिने ते गजराला लावायचं नाही, पण मधे एखाद्या सुट्टीच्या संध्याकाळी, पूर्ण जागे असताना, चांगल्या स्पीकरवर, मूळ फाइल लावून शेवटपर्यंत ऐकायचं. कापलेली प्रत ऐकायची नाही. त्या वाऱ्याच्या आवाजापासून, पूर्ण पाच मिनिटं दहा सेकंद.

माझ्या अलार्म्स फोल्डरमध्ये आत्ता सहा तुकडे आहेत. दोन पियानोचे, एक सतारीचा, बासरीचा तो सध्या चालू असलेला, आणि दोन गाता आवाज असलेले. बासरीचे आणखी नऊ दिवस राहिलेत. पुढचा सतारीचा आहे, त्याचा फेड इन मला अजून दोन सेकंदांनी कमी करायचा आहे.